भिंतीपलीकडची लाल फळं

पेनराल्ट,
सोमवार, ९ डिसेंबर

प्रिय लाउरी,

तुझा खोकला गेला का? मी पाठवलेले लोकरी मोजे हातात पडले, की तपासणीतच अडकले? इकडे थंडी मी म्हणतेय. मांजर शेगडीपुढून हलत नाही. समोरच्या मेगनने यंदाही नोव्हेंबरातच खिडकीत दिवे लावले आणि वर मलाच म्हणाली, "नेस्टा, तुझं घर किती अंधारं दिसतंय गं!" मी म्हटलं, "तुझ्या दिव्यांच्या उजेडात आमचं भागतं."

तुझी मॅब्ली बरी आहे. हे आधी लिहिते. मॅब्ली आत्ता इथे टेबलाखाली मांजराशी बोलत बसली आहे आणि तिने दोन वाट्या सूप संपवलंय. पुढचं वाचताना हे लक्षात ठेव.

काल रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी "दूध उतू जातंय" म्हणून घाईने ठेवला. शेगडीवर दूध नव्हतं. तुझा आवाज ऐकून हे सांगणं जमेना. म्हणून हे पत्र. पत्रात मला मधे थांबता येतं.

दर डिसेंबरात शाळेमागच्या रानात लहान मुलांचा नाताळचा वर्ग भरतो, तुला आठवत असेल. आता तो गेथिन घेतो. तोच, तुझ्या वर्गातला, पुढे आलेल्या दातांचा. रानाची राखण करतो आणि मुलांना पक्षी-प्राणी शिकवतो. मुलांच्या बोटांना गाठी बांधायला जमत नाहीत, म्हणून मी मदतीला जाते. गुरुवारी आम्ही पाइनच्या सुकलेल्या बोंडांना चरबी आणि बिया थापून पाखरांचा फराळ केला. लाकडाच्या चकत्यांवर लाल छातीचे रॉबिन रंगवले. मग विलोच्या लवचीक काड्या वळवून प्रत्येकाने दारावर टांगायचं हिरव्या पानांचं गोल कडं करायला घेतलं.

गेथिन छान शिकवतो हं. "बेडकाला नाताळची भेट कोण देणार?" असं त्याने विचारलं, तर सगळी ओरडली, "कुणी नाही! तो चिखलात झोपलाय!"

मग त्याने मुलांना भिंतीपाशी नेलं आणि पलीकडचं चर्चच्या आवारातलं यूचं झाड दाखवलं. यंदा त्याची लाल फळं अजून टिकून आहेत. तो म्हणाला, "हे कस्तूर पक्ष्याचं जेवण. तो फळ अख्खं गिळतो, बी तशीच बाहेर पडते. पण आपण हात लावायचा नाही. आतल्या बीमध्ये विष आहे. बी चावली तर माणसाचं काळीज बंद पडतं. काय करायचं नाही?" "हात लावायचा नाही!" मॅब्लीही ओरडली. मी ऐकलं.

तासाभराने सामान आवरताना गेथिनने नेहमीप्रमाणे सगळ्यांना खिसे रिकामे करायला लावले. दगड, पिसं, एकाच्या खिशात जिवंत गोगलगाय. मॅब्लीची पाळी आली तेव्हा तिचा खिसा रिकामा होता, पण कापड ओलं आणि लाल झालेलं. ओठही लाल, चिकट. गेथिन एकदम गुडघ्यांवर बसला. "मॅब्ली, तोंड उघड." तोंडात काही नव्हतं.

लाउरी, त्याचा चेहरा मी पाहिला. पांढराफटक. तो फक्त म्हणाला, "नेस्टा आंटी, अँब्युलन्स."

ती येईपर्यंत मी मॅब्लीला मांडीवर घेऊन विचारत होते, "किती खाल्लीस? चावलीस का गं? बाळा, बी चावलीस का?" ती बोलेना. रडेना. नुसती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, विष भिनतंय, वाचा गेली.

हॉस्पिटलात तिच्या छातीला तारा लावल्या. पडद्यावर तिच्या काळजाची रेघ वरखाली पळत होती आणि माझी नजर तिथून हलेना. मधेच ती रेघ जराशी अडखळली की मी नर्सला हाक मारी. नर्स म्हणे, "ती हलली म्हणून झालं, आजी." मला खरं वाटेना. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या, पण त्यांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं: "बिया अख्ख्या गिळल्या असतील तर बहुतेक काही होणार नाही. चावल्या असतील तर पुढचे काही तास फार वाईट जाऊ शकतात. तिने बोलायला हवं."

आम्ही सगळे विचारून थकलो. विष शोषून घेणारं कोळशाचं काळं औषध तिने निमूटपणे प्यायलं. पण बोलायचं नाव नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "हिची आई कुठे आहे? तिला कळवायला हवं."

आणि मी, आपलं ठरल्याप्रमाणे, म्हणाले, "जहाजावर. मोठ्या प्रवासी जहाजावर कामाला आहे. मार्चमध्ये येईल."

पलंगावरून आवाज आला. अगदी बारीक. "आई तुरुंगात आहे."

मी वळले. तिच्या ओठांना काळं लागलं होतं. ती डॉक्टरीणबाईंकडे बघत होती, माझ्याकडे नाही. "तिने गाडी चालवताना एका माणसाला धडक दिली. तो आता काठी घेऊन चालतो. ती दारू प्यायली होती. आजीला वाटतं मला माहीत नाही."

तिला सप्टेंबरपासून माहीत आहे, लाउरी. शाळेत कुणीतरी सांगितलं. आणि इतके दिवस ती मला जहाजांची चित्रं काढून दाखवत होती! मी ती फ्रिजवर लावत होते. मी तिला फसवत होते, आणि ती मला दुखू नये म्हणून फसून दाखवत होती. सहा वर्षांची पोर.

मी पलंगावर बसले. म्हटलं, "हो राणी. खरं आहे ते. आता सांग, फळं कशाला घेतलीस?"

मग सगळं भडाभडा बाहेर आलं. यंदा रानातल्या हॉलीच्या काटेरी झुडपांना लाल फळच नाही आणि तिला आईसाठी करायच्या कड्यात लाल हवं होतं. "तिकडे सगळं राखाडी असतं ना." म्हणून भिंतीवरून वाकलेल्या फांदीची फळं तिने तोडली. गेथिनने खिसे तपासायला घेतले तशी ती घाबरली. कडं कुणासाठी म्हणून विचारलं तर काय सांगणार? जहाज म्हणायचं तर खोटं, आणि तुरुंग म्हणायचं तर आजी रडणार. सगळी फळं तिने तोंडात कोंबली.

"चावलीस?"

"नाही. वेळच नव्हता. गिळली."

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले, क्षणभरच. तरी तिला एक रात्र तिथे ठेवून घेतलं. शुक्रवारी दुपारी तारा काढल्या आणि आम्ही घरी आलो. गेथिन रोज येतो, दारातच उभा राहतो, आत ये म्हटलं तरी येत नाही. त्याला तू दोष देऊ नकोस. त्याने सांगायचं ते सगळं सांगितलं होतं.

मॅब्ली ठणठणीत आहे. मीच नाही. ती जरा गप्प बसली की माझा हात तिच्या छातीवर जातो. ती वैतागते, "आजी, चालू आहे गं!" मुलांच्या देखभालीचं बघणाऱ्या सरकारी बाईही शनिवारी येऊन गेल्या, घरभर पाहिलं, कपाटं उघडली. चांगलं बोलल्या, पण जाताना काहीतरी टिपून घेतलं आणि मला वाटलं, आता नेतात हिला.

पण ज्याला मी खरी भितेय ते अजून लिहिलंच नाही. तू जाताना माझा हात धरून म्हणाली होतीस, "तिला तिथे आणायचं नाही. शपथ घे. नाहीतर मी भेटायलाच येणार नाही." मी शपथ घेतली. आता ती मोडते आहे. मॅब्लीला तुला भेटायचंय. ती रोज विचारते. तिला नाही म्हणायला माझ्याकडे आता जहाज उरलं नाही.

कडं आत घेत नाहीत, मी फोन करून विचारलं. तिला तसं सांगितलं. वाटलं होतं, हिरमुसेल. ती म्हणाली, "मग नुसतंच जाऊ." मी म्हटलं, "आई कदाचित घाबरेल गं, तुला तिथे बघून."

त्यावर तिने मांजराला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "तिला सांग, बोलायचं मी बोलेन. तिने फक्त बसायचं."

भेटीच्या यादीत तिचं नाव तुलाच घालावं लागेल. घाल, लाउरी.

तुझ्या होकाराची वाट बघत, भ्यालेली पण आता खोटं न बोलणारी,
तुझी आई