बारसं अडलंय

बालाघाट,
८ जानेवारी २००२

पौर्णिमाताईस गजूचा नमस्कार.

आम्ही सगळे मजेत. भाऊजींचा गुडघा आता बरा असेल. आमची बातमी खैरलांजीला केव्हाच पोचली असणार: तुला भाचा झाला! दीड महिन्याचा आहे आणि आवाज थेट तुझ्यावर गेलाय. अजून नाव नाही. लसीच्या कार्डावर नर्सबाईंनी 'नाम बाद में' लिहिलं, तर मोहल्ल्यानं त्याला 'बादमें भैया' करून टाकलं.

बारसं का अडलं ते सांगतो. शेजारच्या वसंतासरांना आमंत्रण द्यायला गेलो. ते चर्चात जाणारे, बायबल वाचत बसले होते. म्हणाले, "नाव ठेवाले आत्या येऊन राह्यली ना?"

"नाही. पण आमचं भांडण नाही हो सर. चार वर्षांत एक शब्द नाही. एकदम शांती."

सर हसायलाच लागले. "याले शांती म्हंतेत का रे? आमच्या जुन्या करारात शालोम म्हंतेत. शालोम म्हंजे सारं भरलेलं, काहीच कमी नाही. तुयाकडे तं आत्याच कमी हाय!" मग म्हणाले, येशूनं सांगितलंय, देवाला वाहायला आणलेलं तिथंच वेदीपाशी ठेव, आधी दुखावलेल्या भावाशी समेट कर, मग ये.

मी उरलेली आमंत्रणं घरी परत आणली.

ताई, चार वर्षांपूर्वी आमच्या अबोलीच्या बारशाला तू उशिरा आलीस असं मी सगळ्यांना सांगत आलो. खरं म्हणजे तुझी बस फाट्यावर बंद पडल्याचं तिकडून आलेला तेजराम मला सांगून गेला होता. तरी मी थांबलो नाही. त्याआधी तू मला माझ्या सासऱ्यांसमोर झापलं होतंस, तो राग होता. नाव ठेवायला मेहुणीला बसवलं. तू कुंची घेऊन दारातूनच परत गेलीस, पाणीही न पिता. चूक माझीच. फार लाज वाटते गं.

रविवारी पाळणा बांधतोय. शनिवारी मोटरसायकल घेऊन तुला न्यायला येतो. सासरे इथेच आहेत, हवं तर त्यांच्यासमोरच पुन्हा झाप.

अबोली तिच्या हिंदीत विचारते, "बुआ मेरे कान में भी नाम बोलेगी क्या?" मी हौ म्हणून बसलोय.

दोन्ही लेकरांच्या कानापाशी तुझी जागा राखून,
तुझा गजू