बुड पाय

जैसलमेर, ८ सप्टेंबर २००६

माय, दुरूनच पाया पडते.

मी बरी आहो. बाजरीची भाकर आता गोड लागते. बाबाचा खोकला बसला का?

इथं खाणीच्या जागेवरची झाडं नोंदवताना वाळूत एक पिवळं रानफूल सापडलं. आमचे साहेब म्हणतात, नेहमीचीच जात आहे, दुर्मिळ म्हणून नोंदवू नका. नोंद नसली तर तिथं होणारी खाण कोण थांबवणार?

निंदणात धानासारखंच दिसणारं रानधान दाखवताना तू म्हणायची, "पान नोको पाहू, बुड पाय." मी वाळू सारून बुड पाहिलं. नेहमीच्याले सरळ मूळ, याले गड्डा. साहेबानं वाळलेलं फूलच पाहिलं.

तू ओळखून उपटायची, मी ओळखून वाचवून राहिली.

साहेबाच्या अहवालावर सही केली नाही. कामावरून काढलं तर बिरसीले येऊन तुयासंग निंदण करीन. पण दोन जातीले एक नाही म्हणणार.

तुयी,
ओमेश्वरी