जवसाची वेणी

लाइपझिग, २ मार्च २०२५

ती. यज्ञेश्वरकाकांस,
भैरवीचा सा. न. वि. वि.

माझ्या प्रबंधाचा विषय हातचा जायची वेळ आली आहे. जवसाच्या धाग्याला प्राचीन जर्मानिक भाषेत जो शब्द होता, त्याचा आजचा अवतार ‘फ्लाक्स’. तो वेणी घालणे या अर्थाच्या धातूतून आला असावा, असं मी मांडलं. आमच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, जवसाचं सूत काततात, वेणी कोण घालतं? महिनाभरात वेणी दाखव, नाहीतर विषय बदल. काका, संस्कृतात काही सापडेल?

लोभ आहेच, या खेपेला थोडी विद्याही पाठवावी.

भैरवी

यवतमाळ, २६ मार्च

चि. भैरवीस अ. उ. आशीर्वाद.

संस्कृतात अतसी आहे, क्षुमा आहे, तिचं वस्त्र क्षौम आहे; वेणी मात्र मला कुठे दिसली नाही. इतकी वर्षं शिकवलेली विद्या अशी ऐनवेळी रजेवर गेली. म्हणून बाभुळगावहून उभ्या जवसाचा भाराच आणला. अंबाडीच्या काड्या सालीचा वाख निघावा म्हणून नदीत कुजवतात, हे ठाऊक होतं. नदी नव्हती, गच्चीवरची जुनी टाकी होती; भारा तिच्यातच बुडवला. शेजारचे सदाशिवराव वासानं हैराण होऊन मेलेली घूस शोधू लागले. मीही सभ्यपणे त्यांना टॉर्च धरला.

काड्या वाळवून मोगरीनं ठेचल्या, तुझ्या कुंदाकाकूच्या फणीनं विंचरल्या. चांगला लांब झुबका निघाला. कुंदा आली, फणीवरून बोलली ते लिहीत नाही. मग म्हणाली, मोकये कायले ठेवले, गुंता होईन ना! आणि बोलता बोलता तिपेडी वेणी घालून मोकळी झाली. कातायचं कसं, विचारलं, तर म्हणे, तेव्हा सोडा ना, मले काय विचारता! तुझ्या धातूबद्दल मी तिला अवाक्षर सांगितलं नव्हतं.

यवतमाळच्या काकूवरून जुने जर्मन सिद्ध होत नाहीत, हे बाईंच्या आधी मीच सांगतो. पण कातण्याआधी वेणी असू शकते, एवढं दिसलं. वेणीचा फोटो सोबत आहे. प्रकृतीला जप, ममता इकडून चालूच आहे.

यज्ञेश्वर

लाइपझिग, ३ एप्रिल

ती. काका-काकूंस सा. न.

बाई फोटोकडे पाहतच राहिल्या. त्यांच्या आजीच्या पेटीत कातायच्या जवसाच्या अशाच जुड्या असत. त्या वेण्या आहेत हे कधी मनातच आलं नाही, म्हणाल्या. विषय माझाच राहिला! आता संग्रहालयांतले जुने धागे तपासायचे आहेत.

ऋणनिर्देशात काकूंचं नाव घालायचं आहे. त्यांना विचारा, सासरचं लिहू की माहेरचं? उत्तर त्यांनीच लिहावं. तुम्ही फक्त लोभ जोडावा.

भैरवी