चिंचेने घासलेल्या गुंड्या

शुक्र. ८ ऑक्टो. ९९, घोडेगाव
परवा घट बसणार. घरचे धुणे-घासणे हिने काल उरकले. आज मी संस्थेच्या ऑफिसचे केले. एकतीस वर्षे शिपाई आहे, घट बसल्यावर जळमटाला हात लावलेला नाही. समई, घंटा, दारावरची पाटी, सगळे पितळ चिंचेने घासले. कॉम्प्युटरच्या मागे वायरींना पितळी गुंड्या आहेत, मुलामा उडून काळवंडलेल्या. त्याही फिरवून काढल्या, चिंच लावली, ओल्या फडक्याने पुसून होत्या तशा बसवल्या. सोन्यासारख्या दिसतात. ही म्हणाली, "तिथलं पितळ घासून तुमाला पदक देणार हायेत का?"
कुलूप दोनदा ओढून पाहिले.

मंगळ. १२
दुपारी चारही कॉम्प्युटर अडले. सर्व्हर सापडत नाही म्हणे. सर्व्हर म्हणजे कपाटाशेजारचे मोठे मशीन, परीक्षेच्या फॉर्मांची सगळी माहिती त्याच्या पोटात. चारही त्याला एकाच काळ्या वायरीने जोडलेले, माळेत ओवल्यासारखे. हेडक्लार्क साहेब म्हणाले, "दोन हजार साल येतंय, त्याची ही सुरुवात." अर्ध्या तासाने आपोआप चालू झाले. आपोआप झाले हेच मला बरे वाटले नाही.

गुरु. १४
पुन्हा दोनदा गेले. नारायणगावचा मेकॅनिक आला. सर्व्हर बंद करून चालू केला, काही नाही. मग एकेक वायर हलवत गेला. सुनंदाच्या टेबलामागची हलवली आणि सगळे सुरू. म्हणाला, "भाऊ, ही साखळी हाय. एक कडी ढिली झाली की समदी आंधळी. हितं कुणीतरी हात लावतंय."
सगळ्यांनी सुनंदाकडे पाहिले. मी पाण्याचे ग्लास गोळा केले.
ती डोंगराकडची. पहिल्या एसटीने येते, दिवसभर फॉर्म टाइप करते. अजून तात्पुरती आहे. दिवाळीनंतर कायम करायचे ठरले आहे.

सोम. १८
खंडेनवमी. यंत्रांची पूजा मीच केली. सर्व्हरला हार घातला, हळदीकुंकू लावले, तेवढ्यात मागून सुनंदा म्हणाली, "गेलं साहेब." सगळ्या पडद्यांवर तीच ओळ, सर्व्हर सापडत नाही.
साहेब तिला म्हणाले, "बाई, वायर हाय का हातमागाचा दोरा? रोज तुटतोय."
"माझे दोन्ही हात बटणांवर असत्यात साहेब. पायानं वढते का मी?"
कुणीतरी हसले. साहेब हसले नाहीत.

गुरु. २१
सगळ्यांच्या आधी गेलो. सुनंदाच्या टेबलामागची गुंडी फिरवून काढली. आत हिरवे. कळंक चढला आहे. दुसरी काढली, तिथेही तेच. चिंच नीट धुतली नाही की तांब्यालासुद्धा असाच चढतो. आईने शंभरदा सांगितले होते.
कोरड्या फडक्याने सगळ्या पुसल्या. दिवसभर एकदाही बंद पडले नाही.
म्हणजे मीच.
साहेबांना सांगावे तर मार्चमध्ये निवृत्ती. एकतीस वर्षांत एक शेरा नाही, आणि आता

मंगळ. २६
रोज लवकर जाऊन पुसतो. दुपारपर्यंत टिकते, कधी तेही नाही. पुसले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हिरवे. आता मधल्या बारीक सुईलाही लागले आहे. बी.पी.ची गोळी घेतली का ते आठवेना.
ही म्हणाली, "फडकं हिरवं कशानं झालं?" देवाचे ताम्हण पुसले म्हणालो. तिने ताम्हणाकडे पाहिले. ते लख्ख होते.

शुक्र. २९
काल येडगावला मेहुण्याचा दहावा. गेल्याशिवाय भागले नाही. आज कळले, काल सकाळपासून सगळे बंद होते. काल फॉर्म पाठवायचा शेवटचा दिवस होता. राहिलेले हाताने लिहून माणूस पुण्याला पिटाळला.
सुनंदाला पत्र दिले. मुद्दाम वायर काढते असा ठपका. सोमवारी दहाला कमिटीपुढे यायचे. कायम करायचे तर सोडाच, कामावरून कमी करणार असे दिसते.
साहेब मला म्हणाले, "तात्या, तुम्ही पण थांबा सोमवारी. तिला वायरीपाशी कधी पाहिलंय का, एवढंच सांगायचं. तुमच्या शब्दाला किंमत आहे."

शनि. ३०
अर्धा दिवस. सगळे गेल्यावर सुनंदा खुर्चीतच बसून राहिली. मग म्हणाली, "तात्या, तुमी रोज सकाळी माझ्या टेबलामागं काय पुसता?"
एकदा एसटी लवकर आली, तेव्हा दारातून पाहिले म्हणे.
मी चहाचा कप तिच्यापुढे ठेवला.
"मी कुणाला सांगितलं न्हाई. आन् सांगणार बी न्हाई. शिपायावर ढकलतीय म्हणत्याल. तुमीच बघा."
चहा प्यायली. कप रोज माझ्याकडे देते. आज स्वतः धुऊन पालथा ठेवला आणि गेली.

रवि. ३१
ते हिरवे फडके धुतलेले नाही. कागदात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवले, कमिटीला दाखवायचे झाले तर. हिने सदरा भिजवायला उचलला, तो हातातून ओढून घेतला.
साहेबांनी बोलावले आहे, उद्या दहाच्या आधी मेकॅनिक येऊन सगळ्या गुंड्या उघडणार आहे. त्याला हिरवे दिसले तर मला तोंड उघडावे लागणार नाही, आपसूक कळेल. पण आजच जाऊन शेवटचे एकदा पुसून यावे, असेही सकाळपासून मनात येते. चकचकीत दिसल्या तर ठपका तिच्यावरच राहील.
ऑफिसची किल्ली माझ्याकडेच असते. आता तीन वाजले. चपला घालून ओट्यावर बसलो आहे.