हॉलिसच्या बत्तीसची स्प्रिंग

मी, खाली सही करणारी ऑपल रूथ हॅगर्टी, दिवंगत डेल्बर्ट हॅगर्टी यांची पत्नी, वय वर्षे शहात्तर, धंदा हार्डवेअरचे दुकान आणि त्यातला मागचा पिस्तुलांचा काउंटर, राहणार पोर्टर्स वेल, टेक्सास, असे लिहून ठेवते की, उद्या लबकच्या इस्पितळात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत, म्हणून आज डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही धाकाने वा आग्रहाने नव्हे, माझ्या पश्चात काय कोणाकडे जावे ते ठरवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. माझा दीर हॉलिस म्हणतो, डॉक्टर परगावचा आहे, त्याला काय माहीत.

यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सगळे डेल्बर्टला ठेवले होते. जन्मभर प्रत्येक ठिकाणी उशिरा पोचणारा माणूस, नेमका इथेच माझ्या आधी पोचला.

कलम पहिले. राहते घर, दुकान आणि दुकानातला माल माझी पुतणी मार्ला, म्हणजे हॉलिसची मुलगी, हिला द्यावा. ती परिचारिका आहे, गाडी घेऊन एकटी दूरदूरच्या रँचवर, म्हणजे गुरांच्या मळ्यांवर, म्हाताऱ्यांना इंजेक्शने देत फिरते. मागच्या जाळीच्या दाराला लाथ मारल्याशिवाय ते लागत नाही. सुतार बोलावू नये, दार चांगले आहे, लाथ नीट बसली पाहिजे.

कलम दुसरे. बँकेतले पैसे गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाला नव्या पाइपासाठी. पाइपासाठी म्हणजे पाइपासाठीच. प्रमुखांच्या फोटोसाठी चौकट घेतली तर मी वर स्वस्थ बसणार नाही.

कलम तिसरे. बड प्रुइट यास माझे काचेचे पुडिंगचे भांडे द्यावे. कारण सांगते. बड माझ्या काउंटरवर कोपर टेकून खिशातल्या छोट्या पिस्तुलांना 'बायकांची खेळणी' म्हणत आला. स्वतःच्या कमरेला तोफ. मी विचारले, "बड, उन्हाळ्यात ही असते कुठे?"

"गाडीच्या खणात. घाम येतो ना."

"छान. म्हणजे खणाच्या जिवाला काही धोका नाही."

पुढे चर्चच्या जेवणाला हा शेंगांची उसळ वाढून घ्यायला वाकला आणि तोफ पट्ट्यातून निसटून थेट शेजारच्या इमोजीनच्या केळ्याच्या पुडिंगमध्ये. देवाची कृपा, सुटली नाही. मुकाट्याने माझ्याकडे साफ करायला आणली. नळीतून मी बिस्किटाचा चुरा काढला आणि चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलू दिली नाही. बड गेल्यावर मात्र बसून पोट धरधरून हसले. त्या हसण्याबद्दल भांडे.

कलम चौथे. माझी शिवणाची आरी, मेणाचा दोरा आणि गिऱ्हाइकांनी शिवायला सांगितलेली पण न्यायला न आलेली पिस्तुलांची खिशात बसणारी चामडी म्याने, ही सगळी मार्लाकडे राहावीत. सोबत माझे काउंटरवरचे बोलणेही तिने वारशात घ्यावे, कारण माल विकणारे पुष्कळ आहेत, गिऱ्हाइकाला परत पाठवणारे कमी.

गिऱ्हाईक आले की आधी विचारावे, "रोज कोणती पँट घालता?" घातली नसेल तर घरी जाऊन घालून यायला सांगावे. पिस्तूल रिकामे करून, दोनदा तपासून, त्या खिशात घालायला लावावे. बसवून बघावे, उठवून बघावे, गाडीत चढवून बघावे. रोज खिशात ठेवायचे पिस्तूल चष्म्यासारखे असते, टोचले की माणूस काढून ठेवतो, आणि काढून ठेवलेल्याचा उपयोग शून्य. बावीस बोअर हाताला हलके, पण त्याचे एखादे काडतूस फुसके निघते. तीनशे ऐंशीची मोठी गोळी तेवढ्याच पिस्तुलात घातली की असा झटका देते की माझ्यासारखी संधिवाताची बाई दुसऱ्यांदा चाप ओढायला राजी होत नाही, आणि सराव न केलेले हत्यार म्हणजे खिशातला दगड. मला विचाराल तर बत्तीस बोअर. लोक हसतात, गोळी लहान म्हणून. हसू दे मेल्यांना. गोळी केवढी ते नंतर, आधी ती दर वेळी सुटते का ते बघा. दोन डबे काडतुसे झाडावीत, एकदा जरी अडकले तरी परत कपाटात. चाप झाकणारे म्यान हवेच. त्या खिशात दुसरे काही नको, किल्ल्या नकोत, पेपरमिंट तर नकोच नको. आणि कपडे धुवायच्या दिवशी खिशातला धाग्यांचा भुगा पिस्तुलातून झटकावा. यात अवघड काही नाही, फक्त कंटाळा करून चालत नाही.

कलम पाचवे. मार्लाचे स्वतःचे पिस्तूल. पोरगी आधी ऐकायलाच तयार नव्हती. "काकू, मला नको ते लचांड. माझ्या खिशात थर्मामीटर असतो." मग मागच्या शरदात एका रँचच्या रस्त्यावर कोणीतरी पिकअप आडवी घालून तिची वाट अडवली. दोघेजण उतरून गाडीच्या काचेवर टकटक करत उभे राहिले. गुरांचा ट्रक मागून आला म्हणून निभावले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ही दारात.

"काकू, दाखव."

तिच्या गणवेशाचा खिसा उथळ, हात लहान. कपाटातले सगळे दाखवले. एक बाहेर डोकावायचे, एकाची सुरक्षेची खिट्टी तिच्या अंगठ्याला हलायची नाही, एकाचे टोक शिवणीत अडकायचे. मग तिची नजर तिजोरीतल्या बत्तीसवर गेली. मी नको म्हणेपर्यंत तिने उचललेही. रिकामे आहे ना ते तपासले, शाबास, आणि खिशात टाकले. जणू तिच्याच मापाने घडवले होते. मागच्या मैदानात दोन डबे झाडले, एकदाही अडले नाही.

"हेच," ती म्हणाली.

"ते मिळणार नाही. ते तुझ्या बाबाचं आहे. दुरुस्तीला आलंय."

"आत्ताच तर चाललं की."

"स्प्रिंग यायचीय त्याची," मी म्हटले.

मार्ला वर्षानुवर्षे शनिवारी माझ्या काउंटरवर उभी राहिलेली आहे. तिने माझ्याकडे पाहिले, बत्तीस पुसून जागेवर ठेवले आणि तिजोरी लावून घेतली. तेव्हा कपाटातले दुसऱ्या नंबरचे जे असेल ते तिने घ्यावे. दुसऱ्या नंबरचे लिहायला मला आवडत नाही, पण इलाज नाही.

कलम सहावे. आता हॉलिस.

माझी जाऊ, हॉलिसची बायको नडीन, गेली त्या हिवाळ्यात हॉलिस एकदा दुकानात आला. दुसरे कोणी नव्हते. बूट पुसले, जे तो कधी करत नाही, आणि बत्तीस काउंटरवर ठेवले. गोळ्यांचे मॅगझीन वेगळे काढलेले.

"वहिनी, याची स्प्रिंग मऊ पडलीय. ठेव तुझ्याकडे."

मी ओढून पाहिले. स्प्रिंग ठणठणीत होती. मग मी त्याच्या तोंडाकडे पाहिले. दाढी वाढलेली, डोळे कुठेतरी दुसरीकडेच.

"मागवावी लागेल," मी म्हटले. "फार वेळ लागतो हल्ली."

"लागू दे."

जाण्याआधी त्याने ते रीतसर माझ्या नावावर करून दिले. तेव्हापासून तो खिळे घ्यायला येतो, वॉशर घ्यायला येतो, ज्या पवनचक्क्या त्याने कधीच्या दुरुस्त करून टाकल्या आहेत त्यांचे बोल्ट घ्यायला येतो, आणि जाताना दारातून, शनिवारी मार्लाच्या देखतही, विचारतो, "स्प्रिंग आली का?"

मी म्हणते, "नाही रे. मागवलीय."

एवढेच. मग कॉफी.

स्पष्टच लिहिते, कारण आडून लिहायचे माझे वय नाही. तो स्वतःचे काही बरेवाईट करील अशी मला भीती वाटत होती, आणि त्यालाही तीच वाटत होती, म्हणून तो आला. माझ्या काउंटरवर छाती काढून पुष्कळ पुरुष उभे राहिले, पण आपल्या हाताने काढून देणारा हा एकच. गावात कोणी नाक मुरडले तर त्याने माझ्या थडग्याशी येऊन मुरडावे.

आता हॉलिस पुन्हा टोमॅटो लावतो, बडची टिंगल करतो, जेवतो. तरी नडीनचा महिना आला की त्याचे बोलणे आटते. आणि उद्या ऑपरेशनच्या टेबलावर माझे काही झाले तर तो दारातून कोणाला विचारणार? बत्तीस त्याला ठेवू नये, तर मी मरतामरता त्याच्यावर अविश्वास दाखवला असे होते. ठेवावे, तर माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. काल दुपारी हे कलम आणि याआधीचे मी त्याला वाचून दाखवले. तो पेकन पाय, म्हणजे सुक्या मेव्याची भाजलेली मिठाई, खात बसला होता.

"खोडू का?" मी विचारले.

"राहू दे."

"मग बत्तीस कोणाला लिहू?"

"तुझं मृत्युपत्र आहे, वहिनी. माझ्या ताटलीत कशाला बोट घालतेस?"

म्हणून लिहिते, ते बत्तीस आणि डेल्बर्टची मागे रेलणारी खुर्ची हॉलिस हॅगर्टी यास द्यावी. त्याची वस्तू आहे, त्याने जपायला दिली होती. पण हॉलिस, मला भीती वाटते रे. मेल्यावरही वाटेल.

कलम सातवे. वर न लिहिलेले, किंवा ज्याला ठेवले त्याला कोणत्याही कारणाने मिळू न शकलेले जे काही असेल, ते मार्लाचे. वकीलबाईंनी बजावले आहे की साक्षीदार म्हणून जो सही करतो त्याला आमच्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सबब ज्यांना काही ठेवलेले नाही अशी शेजारीण इमोजीन टॅकेट आणि पोस्टमन रे सलाझार यांना साक्षीला बोलावले आहे. बडही यायला तयार होता, पण त्याचे भांडे गेले असते.

सही करतेवेळची नोंद, माझ्याच अक्षरात. रेच्या गाडीचे चाक गावाबाहेर फुटले. मला लबकला न्यायला गाडी दारात उभी. इमोजीन सही करून बसली, दुसरा साक्षीदार नाही. हॉलिस माझी बॅग उचलायला आला होता. त्याने बॅग खाली ठेवली.

"आण इकडे पेन."

"अरे बाबा, तुला नाही करता येत. केलीस तर सहाव्या कलमातलं तुला काही मिळणार नाही, ते सगळं मार्लाकडे जाईल."

"आत्ताच सांगितलंस ना. बहिरा नाहीये मी."

"खुर्ची पण जाईल!"

"मार्ला बसू देईल मला." त्याने चष्मा लावला, डोळे पुसायला पुन्हा काढला, पुन्हा लावला. "पोरीच्या खिशात बसतंय ना ते? मग तिच्या खिशात राहू दे."

मी रडले. इमोजीनही रडली, पण ती जाहिरात बघूनही रडते. हॉलिसने सही केली, फोन काढला आणि आमच्या दोघींच्या देखत मार्लाला लावला. ती कुठल्याशा रँचवर होती, मागे कुत्री भुंकत होती.

"काय गं," तो म्हणाला, "ती माझी स्प्रिंग आली का?"

पलीकडे तिने कुत्र्यांना दटावले.

"नाही बाबा," मार्ला म्हणाली. "मागवलीय."

"बरं. घाई नाही."

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी समजून उमजून, हलक्या मनाने पुरे केले.

सही: ऑपल रूथ हॅगर्टी

साक्षीदार:
१. इमोजीन टॅकेट
२. हॉलिस हॅगर्टी, काय सोडतो आहे ते वाचून

ठिकाण: पोर्टर्स वेल, टेक्सास, माझे स्वयंपाकघर
दिनांक: १४ मार्च २०१९