पिवळी चादर

मंगळवार, ९ सप्टेंबर. हिगाशी-कसाई, घरी.

दिवाळी अंकाचा लेख उद्या द्यायचाय, क्रोएशियातल्या स्प्लिटवरचा. समुद्राकाठचा रोमन सम्राटाचा राजवाडा, घंटाघर, संग्रहालय, सगळं जमलंय. अडलंय एका चादरीशी.

संध्याकाळी पुण्याहून संपादक मृणालचा फोन. "ताई, लेख झकास. फक्त ती पिवळी चादर काढा ना. सम्राटाच्या राजवाड्यात धुणं कुठून आणलंत?"

"मी नाही आणलं गं. लोक राहतात तिथे अजून."

"असू दे हो. वाचकांना राजवाडा बघायचाय."

बघते म्हटलं. इतकी वर्षं लोक माझी वाक्यं कापतायत, मी कधी मनाला लावून घेतलं नाही. मग हेच का टोचतंय?

स्प्लिटला त्या दिवशी मी राजवाड्यातल्या एका कमानीचा फोटो घेत होते. वरच्या खिडकीतली बाई मला बघून चादर आत ओढायला लागली, ओलीच. माझा फोटो बिघडू नये म्हणून. मी खालून दोन्ही हात हलवले, राहू द्या, राहू द्या. ती हसली आणि चादर पुन्हा नीट पसरली.

म्हणजे शब्द दिलाच की मी तिला. भाषा येत नव्हती, एवढंच.

हे सांगितलं तर बाल्कनीतून नवरा म्हणाला, "आपले टॉवेल घेऊ का आत? कुणी फोटो काढत असेल."

मृणालला कळवलं, चादर राहील. जागा हवी तर घंटाघराच्या पायऱ्या काप.

तिचं उत्तर आलं, "बरं. मग फोटोही चादरीचाच पाठवा."

शोधला. चादर मधोमध, कमान जेमतेम दिसते. पाठवला.