अल्ताफचा आवाज, पाच फ्लॉप्या

बुध. २० नोव्हें. ९६, सांगली

कॉलेज बंक. अल्ताफच्या घरी गेलो. तो मिरज रोडला बाइकच्या अॅक्सिडेंटमध्ये गेला, त्यानंतर पहिल्यांदाच. त्याचा पीसी आता पुढच्या खोलीत, त्याच्या थोरल्या भावाच्या, भाईजानच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात. भाईजान म्हणाले, "लग्नसराई आली बाबा. डिस्कवर जागा नाय. रविवारी फॉरमॅट मारणार, सगळं पुसणार. तुझं काय असेल ते घेऊन जा."

गेम. बाकी काय नको. त्यातला हीरो मेला की अल्ताफ ओरडतो. इंग्लिश आवाज काढून स्वतःचा घातलेला, माइकवर. "मेलास की गड्या! ऊठ, परत!" घरात कुणालाच माहीत नाय. सांगू?

गुरु. २१

आवाज एका मोठ्या डेटा फाइलमध्ये घुसवलाय. वेगळा काढायचं त्यालाच यायचं. म्हणून अख्खा गेम दाबून, तुकडे करून फ्लॉप्यांवर पॅक.

arj a -r -v1440 a:altaf

चार फ्लॉप्या माझ्या. एक त्याच्याच ड्रॉवरमधली, निम्म्या साइझची, सोल्डरिंग आयर्ननं भोक पाडून डबल केलेली. "चालतीय रं, भितोस काय," म्हणायचा. तिसरी म्हणून तीच घातली.

त्याआधी एकदा गेम चालू केला. स्पीकर बारीक करायचा विसरलो. मेलो.

आवाज ऐकून आतनं त्याच्या अम्मी आल्या. हात पिठाचे. "अल्ताफ?"

मी स्क्रीनकडं बोट केलं. खुर्ची ओढून बसल्या. "परत लाव."

लावायचं म्हणजे परत मरायचं. मेलो. परत मेलो.

"कुणाला ऊठ म्हणतोय रे?"

"मला, अम्मी."

भाईजान दारापर्यंत आले, तसेच मागं फिरले.

शनि. २३, सातारा

घरी पीसी नाय, म्हणून मामाच्या पीसीवर उघडायला घेतलं. पहिली ओके, दुसरी ओके. तिसरी सीआरसी एरर, म्हणजे डेटा खराब. भोकवाली. काढली, फुंकली, परत घातली. नाय.

निघताना टेस्ट मारलीच नाय. एक कमांड! अल्ताफनं लय शिव्या घातल्या असत्या.

उद्या फॉरमॅट. जेवताना मामी दोनदा म्हणाली, "लक्ष कुठंय तुझं?" कानात तेच. ऊठ, परत.

रवि. २४, एसटीत

दुकानं उघडल्या उघडल्या नव्या फ्लॉप्या घेतल्या. मग एसटीडीवरनं फोन.

"भाईजान, फॉरमॅट केलं?"

"नाय अजून. पत्रिकावाली पार्टी दुपारी येणार."

"मी येईपर्यंत थांबा ना."

"बघतो." मग हळू आवाजात, "अम्मी सकाळधरनं मशीनपुढं बसलीय. लाव म्हणती. मी बटणं दाबतोय, तर ते बावळट नुसतं उभंच. मरायचं कसं रं त्यात?"

सांगितलं. डावीकडं जा, पूल तुटलाय, तिथं पुढं चालत राहा. जोरात बोलायला लागलं. बूथवाला वळून बघायला लागला.

"थांब. धर."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज. खुर्ची सरकली. मीटर पळतंय.

मग लांबनं, बारीक, "मेलास की गड्या! ऊठ..."

तिकडं कुणी फोन उचलेना. मी पण ठेवला नाय.